फिरत्या घराचा गरम नळ

२ नोव्हेंबर १९८१, सकाळी

रिटायर होऊन दोन दिवस झाले. आजपासून रोजनिशी लिहिणार. रोज, न चुकता. कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, आता स्वतःच्या कामाची नोंद.

काल गाडी आली. लिलावात घेतलेली. पूर्वी हा फिरता दवाखाना होता, खेड्यापाड्यांतून हिंडायचा. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत शिरेना, म्हणून मागच्या रस्त्यानं नेऊन घरमालक नानाजींच्या मोकळ्या जागेत उभी केली. आत दोन लांब बाक, एक कपाट, एक बेसिन. मी आत ताठ उभा राहू शकतो. मुलाला, मुकुंदला, वाकावं लागेल, पण तो नोकरीला भिलाईला असतो, त्यामुळे तो प्रश्न नाही.

या गाडीचं घर करायचं. परदेशात लोक असे राहतात. कचेरीत आलेल्या एका मासिकात फोटो होता: म्हातारा-म्हातारी, बाहेर सगळीकडे बर्फ, आणि गाडीच्या आत म्हातारा गरम पाण्यानं दाढी करतोय. तो फोटो मी कापून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आधी पचमढी, मग सिमला, मग काश्मीर. भाडं नाही, घरमालक नाही.

बायकोला, प्रेमिलाला, आत नेऊन दाखवली. तिनं नाकाला पदर लावला. म्हणाली, "फिनाइलचा वास येऊन राहिला." मी म्हटलं, वास जाईल. ती म्हणाली, "पण आपण याच्यात कुठं जाणार आहो?" मी म्हटलं, सगळीकडे. त्यावर ती खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून आली. म्हणजे विचार करते आहे.

५ नोव्हेंबर

मधले दोन दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

थंडी सुरू झाली की प्रेमिलाच्या बोटांची पेरं सुजतात. नळाचं पाणी लागलं की ठणकतात. मोरीत गरम पाण्याची काहीतरी सोय करा, असं ती पुष्कळ वर्षांपासून म्हणते. माझं म्हणणं, भाड्याच्या घरात कशाला पैसा घालायचा. ती सकाळी स्टोव्हवर एक पातेलं तापवते, त्यात माझी आंघोळ होते. तिची भांडी मग नळाखाली.

आता तो प्रश्नच मिटणार. गाडीत नळ सोडला की गरम पाणी येईल. बाहेर बर्फ पडत असला तरी येईल. हे पहिलं काम. पडदे, रंग, गाद्या सगळं नंतर.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी

नानाजी पेढे घेऊन आले होते. मुलाचं लग्न ठरलं. बसले, इकडचं तिकडचं बोलले, मग आमच्या दोन खोल्यांकडे बघून उसासा टाकला. जागेची अडचण आहे म्हणाले. आम्हाला जा म्हणून कधी म्हटलं नाही त्यांनी, आजही म्हटलं नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं: एकतीस डिसेंबरला खोल्या तुमच्या.

त्यांना खरंच वाटेना. वहिनींना विचारलंत का, म्हणाले. मी म्हटलं, तिचीच इच्छा आहे. हे काही खोटं नाही. गरम पाणी व्हावं ही तिची इच्छा आहेच, आणि गरम पाणी गाडीतच होणार आहे.

प्रेमिला तेव्हा भाजी आणायला गेली होती. तिला लगेच सांगण्यात अर्थ नाही. नळ सुरू झाला की तिला गाडीत नेईन, हात पाण्याखाली धरायला लावीन, आणि मग सांगेन. ती स्वतःच म्हणेल, कशाला हव्यात त्या खोल्या.

पेढे चांगले होते.

१५ नोव्हेंबर, रविवार

नत्थू प्लंबर आला. मी कागदावर ड्रॉइंग काढून ठेवलं होतं. टपावर टाकी. टाकीतून लोखंडी पाइप गाडीच्या बाहेरच्या अंगानं खाली. मागच्या बाजूला आपला तांब्याचा बंब. बंबातून नळ. नत्थूनं ड्रॉइंग उलटं धरलं होतं, पण प्रत्येक गोष्टीला "होते ना साहेब" म्हणत होता. असा माणूस मला आवडतो.

बंबाचं तोंड उघडं असतं, गाडी हलली की पाणी सांडेल. म्हणून झाकण पक्कं बसवून घ्यायचं ठरवलं. नत्थू म्हणाला, होते ना.

२२ नोव्हेंबर

पहिली ट्रायल.

बंबात कोळसे पेटवले, झाकण घट्ट. पाणी तापल्याचा आवाज छान येत होता. मी नळाशी टॉवेल घेऊन उभा. नळ सोडायच्या आधीच झाकण उडालं आणि टपाला जाऊन लागलं. टपाला आतून मोठा पोचा आला आहे. वरचा कॉक बंद राहिला होता, त्यामुळे वाफेला वाट नव्हती. तो कॉक कोणी बंद केला या खोलात जाण्याची गरज नाही.

कोणाला लागलं नाही. नत्थू तेवढ्यात चहाला गेला होता. प्रेमिला अनवाणी धावत आली, माझं तोंड, हात, छाती चाचपून बघितली. मग तिथेच पायरीवर बसली. मी तिला समजावलं की सिस्टीम मुळात बरोबर आहे.

गल्लीत बातमी पसरली की दवाखान्याचा सिलिंडर फुटला. त्यावरून आणखी लोकांना कळलं की इथे दवाखाना आहे. दुपारी एक बाई लेकराला घेऊन आली. खोकल्याचं औषध मागत होती.

२४ नोव्हेंबर

गाडीला हिरवा रंग दिला. वाळल्यावर खालची 'फिरता दवाखाना' ही जुनी अक्षरं पुन्हा वर आली. उन्हात तर लांबून वाचता येतात.

२९ नोव्हेंबर

मोठी कल्पना! बंब बाद. इंजिनाचा सायलेन्सर चालू गाडीत इतका तापतो की हात लावता येत नाही. ती उष्णता फुकट जाते. त्याभोवती तांब्याची नळी गुंडाळायची आणि टाकीचं पाणी त्यातून फिरवायचं. कोळसा नको, राख नको, धूर नको. हे परदेशातल्या लोकांनाही सुचलं नसेल.

नत्थू म्हणाला, होते ना.

४ डिसेंबर

झालं! इंजिन सुरू केलं, थोड्या वेळानं नळ सोडला, गरम पाणी आलं. साधारण अर्धा पेला. मग नुसती वाफ. मग थंड पाणी, काळसर. पण अर्धा पेला आला म्हणजे तत्त्व सिद्ध झालं.

प्रेमिलाला हाक मारली तेव्हा काळसर पाणी चालू होतं. तिनं त्यात हात घातला नाही.

तिचे भाऊ आनंदराव काटोलहून आले होते, संत्र्यांची टोपली घेऊन. गाडीखाली वाकून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "भाऊजी, म्हणजे आंघोळ करायची तर इंजिन चालू पाहिजे?" मी म्हटलं, अर्थात. म्हणाले, "मग असं करा ना, आंघोळ करता करता काटोललेच येत जा." आणि स्वतःच हसले. व्यापारी माणूस. संत्र्याच्या पलीकडे डोकं चालवायची सवय नाही. पण ट्रक चालवता येतो त्यांना, आणि पचमढीला न्यायला तयार झाले आहेत.

आज प्रेमिलाला खोल्यांचं सांगणार होतो. पाहुणे असताना बरं दिसत नाही.

७ डिसेंबर

सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

१० डिसेंबर

सांगितलं नाही. माझं.

१३ डिसेंबर, रविवार

थंडीची लाट. लोक शेकोट्या करून राहिले आहेत. पचमढीला गवतावर दहिवर गोठतं असं पेपरात आलं आहे. म्हणजे खरी परीक्षा पाण्याच्या पाइपांची. पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं, हे शाळेत शिकलो होतो. आपला पाइप बाहेरून आहे. आत घ्यायला हवा होता असं नत्थू आज म्हणाला. तो काम संपल्यावर असं बोलतो.

मी बंदोबस्त करून टाकला. पाइपाला बाहेरून गोणपाट, त्याच्या आत प्रेमिलाची जाड गोधडी फाडून पट्ट्या. मुक्कामाला नळ थोडा टपकत ठेवायचा, कारण वाहतं पाणी गोठत नाही. आणि टाकीत मीठ, खाऱ्या पाण्याला गोठायला जास्त थंडी लागते. आता हिमालय आला तरी हरकत नाही.

गोधडी तिच्या आईच्या हातची होती हे मला माहीत नव्हतं. तिनंही फाडून झाल्यावर सांगितलं.

१८ डिसेंबर

नानाजी जिन्यात भेटले. रंगारी सांगून ठेवला आहे म्हणाले, तीस तारखेचा. मी म्हटलं, उत्तम. वरून प्रेमिला विचारत होती, कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही. नानाजींनी माझ्याकडे पाहिलं.

आता क्रम असा: पचमढीला सकाळी, थंडीत, गरम पाण्याचा नळ दाखवायचा. तिथेच सांगायचं. अशा गोष्टी मोकळ्या हवेत बऱ्या.

२५ डिसेंबर

उद्या निघणार. प्रेमिलानं तीन दिवसांचं सामान काढलं: दोन लुगडी, स्वेटर, डबा. मी हळूहळू भर घालतो आहे. पोळपाट घेऊ म्हटलं, तिनं घेतला. पितळी डबे घेऊ म्हटलं, तिनं माझ्याकडे बघून घेतले. मग मी देव्हाऱ्यातले देव घेऊ म्हटलं.

"तीन दिवसांसाठी देव काहून?"

मी म्हटलं, थंड हवेत त्यांनाही बदल. ती हसली नाही. "आवो," म्हणाली, "मले काही सांगायचं आहे का तुम्हाले?" मी म्हटलं, छे. तिनं देव कापडात गुंडाळले.

२६ डिसेंबर

सावनेर मागे टाकलं, आणि पहिला थांबा. गाडीत पहिला चहा मी केला, टाकीच्या पाण्याचा. आनंदरावांनी एक घोट घेतला, खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला थुंकले. प्रेमिलानं पूर्ण प्यायला. मीठ जरा जास्त पडलं आहे.

सिलेवानीच्या घाटात चढ लागला तसा सायलेन्सर तापला, आणि नळातून वाफ निघू लागली, बंद नळातून. आत काही दिसेना. प्रेमिला देव मांडीवर घेऊन बसली होती. पण उष्णता भरपूर आहे, हे सिद्ध झालं.

छिंदवाड्याला मुक्काम.

२७ डिसेंबर

तामियाच्या अलीकडे एका गावात पाणी भरायला थांबलो. हँडपंपावर होतो तोवर मागे रांग लागली. म्हातारे, बाया, कडेवर लेकरं. गाडीवरची अक्षरं वाचता येणारा एकजण पुढे उभा राहून सगळ्यांना रांगेत लावत होता. मी सांगितलं, दवाखाना नाही, घर आहे. त्यांना पटेना. घराला कोण चाकं लावील?

एक म्हातारी जाईना. गुडघा दाखवत होती. प्रेमिला खाली उतरली, स्वतःच्या बोटांना लावायचा मलम काढला आणि तिच्या गुडघ्याला चोळून दिला. मग दुसरी आली. डबी संपेपर्यंत प्रेमिला तिथेच उकिडवी बसली होती. रांगेतल्या बायांशी बोलत होती. बऱ्याच दिवसांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नाही.

मी मध्ये मध्ये वेळेची आठवण करून देत होतो.

उन्हं उतरताना पचमढी. मैदानात गाडी लावली. आनंदराव म्हणाले, "मी लॉजवर झोपतो भाऊजी, तुमच्या घरात पाहुण्याले जागा नाही." थंडी कडक. उत्तम. अशीच पाहिजे होती.

पाइप तपासला, नळ टपकत ठेवला. तिची शाल पाइपाच्या कोपऱ्यावर बांधली, तिथे गोणपाट कमी पडत होतं. तिनंच काढून दिली. 

उद्या सांगणार.

२८ डिसेंबर, सकाळी

जरा गोंधळ आहे. शाई घट्ट झाली आहे म्हणून पेन्सिलीनं लिहितो.

मैदान पांढरं झालं आहे, सगळ्या गवतावर दहिवर गोठलेलं. नळ टपकत होता तिथे बोटभर लांबीचा बर्फाचा काटा लोंबतो आहे. नळ फिरत नाही. वाहतं पाणी गोठत नाही हे खरं आहे, पण टपकणं म्हणजे वाहणं नसावं. टाकीच्या तळाशी मीठ साचलं आहे, ते बरंचसं विरघळलंच नव्हतं. मी ढवळायला हवं होतं.

आनंदराव आले. इंजिन सुरू केलं की सायलेन्सर तापेल, बर्फ वितळेल, असं मी सांगितलं. इंजिन चौथ्या-पाचव्यांदा सुरू झालं. गाडीखालून टणकन आवाज आला. तांब्याची नळी लांबच लांब फाटली आहे.

२८ डिसेंबर, दुपारी

ऊन आलं. तेव्हा कळलं की पाइपही फुटला आहे, आत येतो त्या कोपऱ्यावर, जिथे शाल होती. बर्फ होता तोवर त्यानंच भोक बुजवलेलं होतं. वितळल्याबरोबर टाकीतलं सगळं खारं पाणी बाकावर, गाद्यांवर, पिठाच्या डब्यात.

मी फटीत बोट घालून उभा होतो. प्रेमिला बाहेर गेली. मला वाटलं, रागावून गेली. थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं, तर तिनं तीन दगड मांडले होते आणि काटक्या पेटवून पातेलं ठेवलं होतं. हाक मारली, "या, पाणी तापलं, आंघोळ करून घ्या." आडोसा म्हणून आनंदरावांनी सतरंजी धरली.

पाणी फार छान गरम होतं. एकच पातेलं होतं.

नंतर ती ओल्या गाद्या पिळायला बसली. बोटं वाकत नव्हती, मनगटांनी दाबत होती. आनंदरावांनी तिच्या हातातून गादी ओढून घेतली आणि माझ्याकडे न बघता पिळत राहिले.

सांगायची वेळ नव्हती.

३० डिसेंबर

परतताना तामियाच्या पुढे सायलेन्सर गळून पडला. सगळा. एक दिवस गेला. छिंदवाड्यातून गाडी अशी गरजत गेली की दुकानदार बाहेर आले.

मी पुढच्या डिझाइनचा विचार करतो आहे. पाइप आतून.

३१ डिसेंबर, संध्याकाळी

व्यवस्थित लिहायला हवं.

चार वाजता महालात पोचलो. नानाजींच्या अंगणात आमचं सामान होतं. कपाट, पलंग, शिलाईचं मशीन, प्रेमिलाची लोणच्याची बरणी. सगळं नीट लावून, वर ताडपत्री. वरच्या खोल्यांना नवा पांढरा रंग. खिडकीतून चुन्याचा वास येत होता.

प्रेमिला अंगणातच थांबली. तिला वाटलं, आग लागली की काय.

नानाजी धावत आले. भला माणूस. घाबरून बोलत होते: "वहिनी, कशालाच धक्का लागू दिला नाही, मी स्वतः उभा होतो. रंगारी दोन दिवस आधीच आला. मी म्हटलं वहिनी येईपर्यंत थांबू, पण गिरिधरराव किल्ली देऊन, वाट बघू नका म्हणून सांगून गेले होते…" मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि थांबले. हळूच विचारलं, "वहिनी, तुमचीच इच्छा होती ना?"

आनंदराव माझ्याकडे वळले. मी ताडपत्रीची गाठ सैल झाली होती ती बघत होतो.

प्रेमिलानं बरणीवरची धूळ पदरानं पुसली. म्हणाली, "हाव. माझीच."

नानाजींच्या जिवात जीव आला. चहा पाठवतो म्हणाले.

तिनं माझी बाजू घेतली. म्हणजे मनातून तिला पटलेलं आहे. मी उगाच दोन महिने घाबरलो.



३ जानेवारी १९८२, काटोल

आनंदरावांच्या वाडीत आहोत. गाडी संत्र्याच्या पेट्यांच्या शेडजवळ, सामान शेडमध्ये. प्रेमिला घरात झोपते, त्यांच्या बायकोजवळ, यमुताईंजवळ. गाद्या वाळेपर्यंत तसंच बरं. मी गाडीत. कोणीतरी राहिल्याशिवाय गाडीच्या अडचणी कळत नाहीत.

काल रात्रीचं जेवण यमुताईंनी गाडीत पाठवलं. मला वाटलं, घरात बोलावतील.

नववर्षाचा संकल्प: महिनाअखेर गरम पाणी.

९ जानेवारी

प्रेमिलाशी बोलायला गेलो. ती यमुताईंबरोबर संक्रांतीचे तीळ निवडत होती. मी म्हटलं, जे झालं ते तुझ्या हातांसाठीच करत होतो. तिनं तीळ निवडणं थांबवलं नाही. म्हणाली, "मले विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. गाडीले पण, खोल्या सोडायले पण." मग तिळातला एक खडा बाजूला टाकून, "तुम्ही मले विचारलंच नाही."

मी म्हटलं, तू हो म्हणाली असतीस तर मग विचारण्यात फरक काय?

यमुताई उठून आत गेल्या.

प्रेमिलाही सूप उचलून त्यांच्यामागे गेली. माझ्या मुद्द्याला बहुधा उत्तर नसावं.

१४ जानेवारी, संक्रांत

मुकुंद आला. आनंदरावांनी कळवलं असणार. गाडीत आला, वाकून उभा राहिला, टपाचा पोचा, फुटका पाइप, सगळं पाहिलं. मी नवीन डिझाइन समजावलं. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, आईला घेऊन जातो. क्वार्टरमध्ये गीझर आहे, डॉक्टर जवळ आहे.

मी म्हटलं, थोडे दिवस जाऊन येऊ दे.

निघताना म्हणाला, बाबा, तुम्हीही चला. मी नाही म्हटलं. काम अर्धवट सोडून कसं जाणार? शिवाय मी गेलो नाही तर प्रेमिलाही थांबेल असं वाटत होतं.

दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही.

देव ती बरोबर घेऊन गेली.

२० जानेवारी

नत्थूला निरोप धाडला होता. येत नाही. त्याला दुसरं काम लागलं आहे.

एकट्यानं पाइप कापला. चुकीच्या जागी.

२७ जानेवारी

सकाळी आंघोळीचा कंटाळा येतो. थंडी आहे.

६ फेब्रुवारी, दुपारी

नळ सुरू झाला!

या वेळी सगळं आतून. छोटी टाकी, खाली रॉकेलचा स्टोव्ह, टपातून वाफेला मोकळी वाट. कॉक उघडा. नळ सोडला आणि गरम पाणी आलं, स्वच्छ, आणि येतच राहिलं. मी हात धरून उभा होतो. भाजलं तरी काढवेना.

धावत शेडकडे गेलो. आनंदराव बाजारात गेले होते. यमुताई आल्या. बोट घातलं, चटकन काढलं. "चांगलं आहे भाऊजी," म्हणाल्या, "पण आता उकडून राहिलं. आता काहून?" मग विचार करून म्हणाल्या, दुधाची भांडी तेलकट झाली आहेत, ती घासून घेते. तीन खेपा केल्या त्यांनी. पाणी पुरलं.

भिलाईला पत्र लिहायला बसलो. "नळ सुरू झाला" एवढं लिहिलं. पुढचं सुचलं नाही. उद्या पाठवीन.

१२ फेब्रुवारी

पत्र पाठवायचं राहिलं. दिवसा पंखा हवा असं वाटतं.

१७ फेब्रुवारी

संत्र्यांचा मृग बहार, पावसाळी फुलोऱ्याचं पीक, उतरायला लागला. शेड भरली. आनंदराव गाडीशी आले, दारात उभे राहून बराच वेळ घसा खाकरत होते. भाऊजी, चार पेट्या आत ठेवू का, म्हणाले. मी म्हटलं, ठेवा की. संध्याकाळपर्यंत बाकांवर, बाकांखाली, बेसिनसमोर पेट्याच पेट्या. नळाला कुठून हात पोचत नाही.

माझं अंथरूण त्यांनी ओसरीवर घातलं आहे. व्यवस्थित घातलं आहे, उशी दोन दिल्या आहेत. रागानं काही बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार होती माझ्याजवळ.

२१ फेब्रुवारी, भिलाई

काल निघालो. काटोलहून बसनं नागपूर, नागपूरहून पॅसेंजर. कोणाला कळवलं नव्हतं. डब्यात गर्दी होती, दारापाशी ट्रंकेवर बसून आलो. प्रेमिलाला काय काय सांगायचं ते वाटेत ठरवलं. बरंच होतं. गोंदियापर्यंत सगळं क्रमवार लागलं होतं.

क्वार्टर शोधायला वेळ लागला, सगळी सारखीच दिसतात. दार प्रेमिलानं उघडलं. हात पिठाचे होते. मला पाहून बाजूला झाली, ट्रंक आत घेतली. मी पाय धुतले, पाणी प्यालो. ठरवलेलं सुरुवातीपासून आठवायचा प्रयत्न करत होतो. आतून आमच्या सुनेचा, ताराचा, आवाज आला, तिनं सासूला काहीतरी विचारलं. प्रेमिला आत गेली, परत आली. शेजाऱ्यांकडून खाट मागून आणायची आहे म्हणाली, त्यांना सांगावं लागतं केव्हापर्यंत ते.

रागानं नाही बोलली. पाहुण्याला विचारतात तसं विचारलं.

"किती दिवसांसाठी आले?"

मी म्हटलं, बघतो.

ती दारात उभी राहिली, उत्तराची वाट बघत. मग ताराला सांगितलं, आठ दिवस सांग.